आधी मोजणी, मग शस्त्रक्रिया
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे झालेले भाषण)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत आरोग्यविषयक पुष्प गुंफण्याचे काम आपण माझ्याकडे सोपविले, याबद्दल मी आपला आभारी आहे. कर्करोग हा शब्द उच्चारला की सभागृहात शांतता पसरते. आजही तसेच झाले. पण आज मी या रोगाच्या भयाविषयी बोलणार नाही. पोटातील कर्करोग कुठवर पोहोचला आहे, हे पोट न कापता डॉक्टरांना कसे कळते, आणि ते कळून घेणे इतके महत्त्वाचे का, एवढाच माझा विषय आहे. शेवटी न्यासापुढे एक सूचनाही मांडणार आहे.

पोटातील कर्करोग म्हणताना अन्ननलिका, जठर, लहानमोठी आतडी, गुदाशय, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड ही सगळी पचनसंस्था माझ्यासमोर आहे. आपल्या भागात हा विषय परका नाही. निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या आणि घरोघर विड्या वळणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. सकाळी उठल्याबरोबर मशेरी लावल्यावाचून ज्यांना चैन पडत नाही अशा आजी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होत्या, अजूनही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविषयी दिलेला निर्णय स्पष्ट आहे. तंबाखूच्या धुरामुळे फुप्फुसाबरोबरच अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड आणि मोठे आतडे यांचाही कर्करोग होतो. धूर न काढता तोंडात धरलेल्या तंबाखूमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा होतो. तंबाखूचा रोग तोंडापुरताच असतो अशी समजूत कोणी बाळगू नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. घास अडकतो म्हणून एखादा गृहस्थ डॉक्टरांकडे जातो. दुर्बिणीने तपासणी होते, तुकडा काढून तपासतात आणि कर्करोग असल्याचे सिद्ध होते. घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, ‘ऑपरेशन कधी?’ हा प्रश्न मायेपोटी येतो, पण तो एक पायरी गाळून विचारलेला असतो. तुकड्याच्या तपासणीने रोगाचे नाव कळले; त्याचा विस्तार अजून कळायचा आहे. शेताच्या बांधाचा वाद कोर्टात नेण्यापूर्वी आपण सरकारी मोजणी मागवतो. बांध कुठे आहे हे कळल्यावाचून वकीलही काही बोलत नाही. तद्वत कर्करोगाचीही आधी मोजणी व्हावी लागते. इंग्रजी शब्द ‘स्टेजिंग’ हा आता आपल्याकडे रूढ झाला आहे. सीमाभागातल्या माणसाला सीमा ठरविण्याचे महत्त्व मी काय सांगावे?

ही मोजणी तीन अंगांनी करतात. पहिले अंग म्हणजे मूळ गाठ किती खोल गेली. आतड्याची भिंत घराच्या भिंतीसारखी थराथरांची असते. आतला गिलावा, त्याखालचा मऊ थर, मग स्नायूंचा जाड थर आणि सर्वांत बाहेरचे पातळ आवरण. कर्करोगाची सुरुवात बहुधा आतल्या गिलाव्यात होते आणि वाळवीसारखा तो बाहेरच्या बाजूला सरकत जातो. गिलाव्यातच असेल तर कित्येकदा दुर्बिणीतूनच काढता येतो. बाहेरचे आवरण भेदून शेजारच्या अवयवाला चिकटला असेल तर सारा बेत बदलतो. दुसरे अंग म्हणजे आजूबाजूच्या लसिकाग्रंथी; रोगाच्या पेशी प्रथम बहुधा तिथे मुक्काम करतात. तिसरे अंग म्हणजे दूरचा प्रसार, म्हणजे यकृत, फुप्फुस किंवा पोटाचे आतले अस्तर. डॉक्टरांच्या कागदावर टी, एन आणि एम अशी अक्षरे व त्यांपुढे आकडे दिसतात ते हेच. फ्रान्समधील शल्यविशारद पिअर देन्वा यांनी 1943 ते 1952 या काळात ही पद्धत आखली. त्यापूर्वी 1932 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगाचे टप्पे मांडले होते. पण ड्यूक्स यांना ते शस्त्रक्रियेत काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवावे लागत. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे शस्त्रक्रियेनंतर कळून रुग्णाला काय उपयोग? शरीराच्या आत डोकावणारी यंत्रे या अडचणीवर उपाय म्हणून कामी आली.

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हाडे दिसू लागली, पण आतडी दिसेनात, कारण मऊ अवयवांची सावली पडत नाही. वर्षभरातच अमेरिकेत वॉल्टर कॅनन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने प्राण्यांना क्ष-किरण अडविणारे पदार्थ खाऊ घालून अन्न गिळताना पडद्यावर पाहिले. त्यातूनच पुढे बेरियमचा पांढरा घोळ पाजून फोटो काढण्याची पद्धत निघाली. आपल्यातील वडीलधाऱ्यांना तो खडूसारखा घोळ आठवत असेल. त्याने नळी कुठे अरुंद झाली ते दिसे. मात्र गाठ भिंतीच्या बाहेर किती गेली हे त्या सावलीला सांगता येत नसे.

पुढचे मोठे पाऊल पडले ते 1 ऑक्टोबर 1971 रोजी. लंडनजवळच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे आडवे काप चित्रात दाखविले. हाऊन्सफील्ड हे ईएमआय कंपनीत अभियंता होते. ज्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर आपण नाट्यसंगीत ऐकत आलो, तो छाप याच कंपनीचा. 1979 साली त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे काही वर्षांतच हे यंत्र सबंध शरीरासाठी वापरात आले. हाच आपला सीटी स्कॅन.

आता कोणते यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, ते थोडक्यात पाहू. हे कळले नाही म्हणून खर्च वाया जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ वाया जातो.

सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते. स्वस्त आहे, तालुक्याच्या गावी होते आणि किरणांचा उपद्रव नाही. यकृतातील गाठ, पित्ताशयातील खडे, तुंबलेली पित्तनलिका, पोटात साठलेले पाणी ती चांगली दाखविते. पण हवेतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत, आणि जठर व आतडी हवेने भरलेली असतात. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ म्हणजे जठरात किंवा आतड्यात कर्करोग नाही, असा अर्थ कोणी काढू नये. वजन उतरते आहे, अंगात रक्त कमी होते आहे, आणि मंडळी सोनोग्राफीचा कागद उशाशी ठेवून स्वस्थ बसली आहेत, असे चित्र फार वेळा दिसते. तेथे दुर्बिणीचीच तपासणी हवी.

दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचे छोटे यंत्र बसविलेले असते, ती तपासणी वेगळी. अन्ननलिकेत किंवा जठरात उतरून ती भिंतीचे थर एकेक करून दाखविते. गाठ गिलाव्यात आहे की स्नायूत शिरली, हे तिच्याइतके बारकाईने दुसरे यंत्र क्वचितच सांगते. स्वादुपिंडातील गाठीचा तुकडाही तिच्या साहाय्याने सुईने काढता येतो.

सीटी स्कॅन हा या मोजणीचा मुख्य आधार होय. शिरेतून औषध देऊन छाती आणि पोट यांचे काप एकदम घेतात. त्यायोगे गाठ, ग्रंथी, यकृत आणि फुप्फुसे एकाच बैठकीत पाहता येतात. औषध शिरेत गेल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या सुमारास रोहिण्या उजळतात, नंतर यकृत. निरनिराळ्या क्षणी घेतलेली चित्रे ताडून पाहिली की गाठीचा स्वभावही कळतो. यकृत आधीच निबर झालेल्या रुग्णात गाठ आधी चमकून मग फिकी पडली, तर पुष्कळदा तुकडा न काढताही यकृताच्या कर्करोगाचे निदान करता येते. स्वादुपिंडाच्या बाबतीत गाठ शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला कितपत वेढून आहे, यावर शस्त्रक्रिया ठरते. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असल्याने उशिरा तक्रार करते. आपल्या शेजारच्या गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे 17 मार्च 2019 रोजी याच रोगाने निधन झाले, हे आपणांस स्मरत असेल.

सीटीपूर्वी मूत्रपिंडांचे काम पाहण्यासाठी रक्ताची तपासणी करतात. दमा, पूर्वीची एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, मधुमेहाच्या गोळ्या, हे सर्व आधी सांगावे. किरणांची भीती काहींना वाटते. पोटाच्या एका सीटीत साधारण तीन वर्षांत निसर्गातून मिळणाऱ्या किरणांएवढे किरण शरीरात जातात. उगाच सीटी काढू नये हे खरे. पण कर्करोग सिद्ध झालेल्या माणसाने या भीतीने सीटी टाळणे शहाणपणाचे नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कावीळ झालेल्या रुग्णाची पित्तनलिका मोकळी करण्यासाठी नळी घालावी लागते. तातडी नसेल तर त्यापूर्वी सीटी झालेला बरा, कारण नळी घातल्यावर भोवतालची सूज चित्रात घोटाळा करते. आपण डॉक्टरांना एवढे विचारले तरी पुरे.

एमआरआय चुंबकावर चालतो. गुदाशयाच्या कर्करोगात त्याचे महत्त्व फार. गुदाशयाभोवती चरबीचे एक आवरण असते. ब्रिटिश शल्यविशारद बिल हील्ड यांनी हे आवरण न फाडता सबंध काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि रोग तिथेच पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले. गाठ आणि त्या आवरणाची कड यांत एक मिलिमीटरहून अधिक जागा आहे की नाही, हे एमआरआय शस्त्रक्रियेआधीच सांगतो. जागा असेल तर पुष्कळदा थेट शस्त्रक्रिया करता येते. नसेल तर आधी किरणोपचार व औषधे देऊन गाठ आकसून घेतात. एका मिलिमीटरवर माणसाच्या उपचाराची दिशा ठरते. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर ते आधी सांगणे आवश्यक आहे.

पेट स्कॅनविषयी कुतूहल आणि गैरसमज दोन्ही पुष्कळ आहेत. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशीपणे खातात. किरणोत्सर्गी अणू जोडलेली साखर शिरेतून दिली की ती जिथे साठते तिथे चित्रात चमक दिसते. हा अणू दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून ही साखर फार काळ ठेवता येत नाही. तयार होते तेथून घाईने आणावी लागते. मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली भारतातील पहिले पेट यंत्र सुरू झाले. अन्ननलिकेच्या कर्करोगात दूर गेलेला रोग शोधण्यास ही तपासणी उपयोगी पडते. पण जठराच्या काही प्रकारच्या कर्करोगांत चमक दिसतच नाही. उलट क्षयरोगाच्या ग्रंथीही चमकतात. आणि आपल्या देशात क्षयाचा तोटा नाही. म्हणून चमकले ते सारे कर्करोग असे समजून धीर सोडू नये, आणि शंका असेल तेथे तुकडा तपासून घ्यावा. ‘सगळ्यांत महाग तीच सगळ्यांत चांगली तपासणी’ हा हिशेब येथे चालत नाही.

यंत्रांनाही मर्यादा आहेत. पोटाच्या अस्तरावर मोहरीएवढे रोगाचे कण विखुरलेले असले तर सीटीला ते बहुधा दिसत नाहीत. म्हणून जठराच्या वाढलेल्या कर्करोगात शल्यविशारद आधी एका छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून पोटात डोकावून पाहतात. घरच्यांना वाटते, एवढे स्कॅन झाले, आता हे आणखी कशाला? पण या डोकावण्याने काही रुग्णांचे पोट विनाकारण उघडण्याचे टळते. आणि सर्वांत जुने साधन म्हणजे डॉक्टरांचा हात. मानेच्या मुळाशी डाव्या बाजूला लागणारी गाठ किंवा गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी पुष्कळ काही सांगून जाते. रक्त पडते म्हणून मूळव्याधीचे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी तर एकदा लाज सोडून ही तपासणी करून घ्यावीच.

आता या साऱ्याचा संसाराशी संबंध काय, ते सांगतो. समजा, चिकोडी तालुक्यातील एका शेतकऱ्याला जठराचा कर्करोग निघाला. मुलांनी घाईने एकरभर जमीन गहाण टाकून शस्त्रक्रिया करविली. पोट उघडल्यावर दिसले की रोग यकृतात गेलेला आहे. पोट पुन्हा शिवले. रुग्ण महिनाभर जखमेत अडकला, औषधोपचार लांबला, आणि जमीन गेली ती गेलीच. आधी सीटी झाला असता तर हे टळले असते; औषधांवर आणि वेदना कमी करण्यावर तोच पैसा लागला असता, आणि चार महिने माणूस आपल्या अंगणात बसू शकला असता. आता दुसरी बाजू पाहा. यकृतात डाग दिसले, आता काही उरले नाही, म्हणून एखाद्या बाईला घरी आणून झोपविले. पण मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात गेला असतानाही, डाग मोजके असतील तर ते काढता येतात आणि काही रुग्ण पूर्ण बरे होतात. चौथा टप्पा हा शब्द ऐकून आपणच निकाल देऊ नये. मोजणी नीट झाली तर नको ती शस्त्रक्रिया टळते, आणि सोडून दिलेली आशाही कधी कधी परत मिळते.

मोजणी एकदाच होऊन भागत नाही. आधी औषधे देऊन मग शस्त्रक्रिया करण्याची पद्धत जठर, अन्ननलिका व गुदाशय यांच्या कर्करोगांत आता रूढ आहे. औषधांनंतर पुन्हा स्कॅन करून जुन्याशी ताडून पाहतात. म्हणून जुन्या फिल्म, सीडी आणि अहवाल तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत जपून ठेवावेत. आपल्याकडे जमिनीचे कागद लोखंडी ट्रंकेत असतात आणि स्कॅनचे कागद कपाटावर धूळ खात पडतात. डॉक्टर बदलला किंवा गाव बदलले की त्या कागदांवाचून सर्व खर्च पुन्हा करावा लागतो.

उपचारासाठी कुठे जावे, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी निघतो. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे, आणि 2025 च्या जानेवारीत केएलई संस्थेच्या नव्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. निपाणीकराला कोल्हापूर जवळचे. मिरजेला तर 1894 पासून, डॉ. वानलेस यांच्या काळापासून, आपल्या भागातील रुग्ण जात आले आहेत. मुंबईचे टाटा रुग्णालय 1941 साली उघडले, आणि आजही बेळगावहून निघालेल्या गाडीत फिल्मची पिशवी मांडीवर घेतलेला एखादा प्रवासी दिसतोच. मोजणी शक्य तेवढी जवळ करावी, आणि ती पाहून मोठ्या ठिकाणी जायचे की नाही हे ठरवावे, असे माझे मत आहे. शासकीय योजनांचा लाभही घ्यावा. कर्नाटकाची आरोग्य योजना 2018 पासून आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांपर्यंत नेण्याचा निर्णय 2023 साली घेतला. योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून ज्या रुग्णालयात जायचे तेथील आरोग्यमित्राला भेटून कोणती तपासणी कशात बसते हे आधीच विचारून घ्यावे.

आता सूचना. आपल्या न्यासाचा वैद्यकीय मदत निधी गेली कित्येक वर्षे गरजूंना हात देत आला आहे. मात्र अर्ज येतो तो शस्त्रक्रियेचा अंदाजपत्रकी कागद जोडून, आणि मदतही त्यालाच मिळते. तपासणीसाठी कोणी मागत नाही, आणि आपणही देत नाही. मी नम्रपणे सुचवितो की सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षापासून निधीचा काही भाग केवळ मोजणीसाठी राखून ठेवावा. सीटी किंवा एमआरआयचा खर्च, रुग्ण आणि एक सोबती यांचे गाडीभाडे, आणि दोन दिवसांचा मुक्काम, एवढे त्यातून द्यावे. शस्त्रक्रियेसाठी अर्ज आला तर त्यासोबत मोजणीचा अहवाल आहे काय, हे मायेने विचारावे. अहवाल नसल्यास अर्ज फेटाळू नये. आधी तपासणीचा खर्च द्यावा. रक्कम लहान असेल, पण ती योग्य वेळी पडेल. शाळेची फी भरण्यास आपण जून महिन्यात मदत करतो, परीक्षा झाल्यावर करीत नाही. तेच तत्त्व येथे लागू आहे.

भगिनींसाठी दोन शब्द वेगळे बोलतो. घरातील बाई आपले दुखणे सर्वांत शेवटी सांगते. सुगी झाली की बघू, लेकीचे लग्न उरकले की बघू, असे म्हणत दिवस काढते. घास अडकणे, विनाकारण वजन उतरणे, काळे शौच किंवा शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत झालेला बदल, कावीळ, आणि सुईने वा गोळ्यांनी न भरून येणारी रक्ताची कमतरता, यांपैकी काहीही तीन आठवडे टिकले तर सुगीची वाट पाहू नये. आणि पुरुषांना सांगणे हे, की रुग्णापासून रोगाचे नाव लपवून त्याला या यंत्रातून त्या यंत्रात फिरवू नये. माणसाला कळते. ज्याचे शरीर त्याला विचारून, त्याला झेपेल अशा शब्दांत सांगून निर्णय घ्यावा. मोजणीच्या वेळी जमिनीचा मालक बांधावर हजर असतो, ही रीत आपली जुनीच आहे.

तंबाखूवर आपल्या भागाचे पोट आहे, हे मी जाणतो. त्यावर एका वाक्यात उपाय सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण मुलांच्या हाती गुटख्याची पुडी आणि सुनांच्या हाती मशेरीची डबी जाऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे. सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.

 सूचनेचा विचार विश्वस्त मंडळाने पुढील सभेत करावा, अशी विनंती करून आणि न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्यास शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.